ह्यांची नळी आज कशासाठी?

आमच्या गल्लीतल्या सिस्टरबाईंइतका लघवीविषयी मोकळेपणाने आणि आदराने बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नाही. लोक भेटल्यावर जेवण झालं का विचारतात; बाई हात धुतले का विचारत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे पंजे उलटेसुलटे करून पाहिल्याशिवाय त्या पानात जिलेबी पडू देत नसत. आता आपलं भविष्य सांगतील, अशा आशेने वाढपी उभा राही.

माझ्या वडिलांचं, आबांचं, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ते नेमके बाईंच्या वॉर्डात आले. लघवीसाठी नळी घातलेली, कॉटच्या कडेला पिशवी लटकलेली. आबा निवृत्त हेडमास्तर; ती पिशवी म्हणजे त्यांना भर शाळेत धोतर सुटल्यासारखं. वारणानगरचे व्याही भेटायला येणार म्हणून मी ती उचलून त्यांच्या पोटावर ठेवली आणि वर चादर ओढली. बाईंनी व्याह्यांदेखत चादर बाजूला केली.

"कुणाची अक्कल ही?"

"पाहुणे यायचे होते, म्हणून जरा..."

"पिशवी वर गेली की त्यातलं परत आत जातंय. मग जंतू, थंडी, ताप. बघू द्यात की पावण्यास्नी. मूत हाय, चोरीचं सोनं न्हाय."

व्याही खाली मान घालून केळं सोलू लागले.

सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊंची मिरवणूक घेऊन येत. ते बोलत, बाकीचे माना हलवत. बाई मात्र नळी असलेल्या प्रत्येक कॉटपाशी रोज एकच विचारत, "सर, ह्यांची नळी आज कशासाठी?" आबांपाशी डॉक्टर म्हणाले, "राहू दे. सोयीची आहे."

"कुणाच्या?"

मिरवणूक थबकली. डॉक्टरांनी चष्मा पुसला, कागद पाहिला आणि म्हणाले, "काढा."

नळीबरोबर आबांचं धैर्यही निघून गेलं. आपोआप लघवी झाली नाही, तर नळी पुन्हा. आणि नळी जितके दिवस, तितके दिवस जंतूंना वाट मोकळी. बाईंची ड्यूटी दोनला संपली. त्या स्टूल ओढून बसल्या आणि आबांना शाळेतल्या गोष्टी विचारत राहिल्या. साडेतीनला आबा पुटपुटले, "जरा पडदा ओढा." थोड्या वेळाने पडद्यामागून बाईंचा आवाज आला, "दोनशे मिली. पहिला नंबर, गुरुजी."

आबा पुढे चार वर्षं जगले. बाई आता लेकीकडे चंदगडला असतात. आबा गेल्याचं सांगायला मी गेलो, तेव्हा त्यांनी आधी हात धुवायला लावलं.

"घरातच गेले?"

"हो."

"शेवटाला नळी हुती?"

"नव्हती. सकाळी स्वतः चालत मोरीपर्यंत जाऊन आले होते."

"ब्येस झालं," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. शोकसभेत सहा वक्ते आबांवर बोलले होते. हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.