मुरमाखालचं शिसं

छत्तीसगडची राजधानी झाल्यावर रायपूर चहूकडे पसरत होतं, तेव्हाची ही घटना. अजून जशीच्या तशी आठवते. तात्यापारा मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडून दोन मराठी भाऊ शहराबाहेर नव्या प्लॉटवर राहायला गेले. वर्षभरात धाकट्याची तीन वर्षांची मुलगी आजारी पडली. पोटदुखी, उलट्या, मग झटके. रक्तात शिसं निघालं आणि रुग्णालयानं आमच्या ठाण्याला कळवलं. तपास माझ्याकडे आला.

मुलीच्या आईनं फिर्यादीत थेट मोठ्या जावेचं नाव घेतलं. तिला मूलबाळ नव्हतं. ती मुलीला कसलंसं भस्म चाटवते, असा आरोप होता. झडतीत भस्माची डबी सापडली. ती तपासणीला पाठवून मी जावेला दोन दिवस ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसलेली असे.

"मी काहून देऊ विष? पोट्टी माह्या हातानं जेवते, साहेब. मले तिच्याजवळ जाऊ द्या."

मला तो कांगावा वाटला.

डबीत साधी राख निघाली. बोअरचं पाणीही स्वच्छ. तपास अडला होता, तेव्हा त्या वस्तीतला पंक्चरवाला आपणहून ठाण्यात आला. "साहब, वहाँ पहले पुरानी बैटरियाँ तोड़ते थे. सीसा गलाते थे." म्हणजे त्या प्लॉटच्या जागी जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवत.

प्लॉट विकणाऱ्या दलालाला बोलावलं. "तिथे नुसतं शेत होतं," तो म्हणाला.

"मग शेतावर मुरूम कशाला टाकलास?"

तासाभरात त्यानं कबूल केलं, भट्टीची जागा झाकायलाच मुरूम टाकला होता.

पंचांसमोर अंगणात खड्डा खणला. वर मुरूम, खाली वीतभर काळपट थर, त्याखाली पुन्हा साधी माती. शिसं सापडलं ते त्या मधल्या थरातच. सोबत आलेले मृदातज्ज्ञ म्हणाले, "शिसं मातीच्या कणांना धरून बसतं. कुजत नाही, पावसानं फारसं खाली उतरत नाही. म्हणून पाणी चांगलं राहिलं." मोठ्या भावानं भाजीचे वाफे करायला खोल खणलं होतं, तीच माती वर आली. मुलगी तिथंच खेळायची आणि बोटं तोंडात घालायची.

दलालावर गुन्हा दाखल झाला, अंगणातली माती काढून नेली. उपचारांनी मुलगी सावरली, पण शाळेत मागे राहिली असं पुढे कळलं.

जावेला सांगितलं, तुमच्यावर आता काही नाही. "हव," ती म्हणाली. "पण घरी कोन सांगन?"

मी तिच्याबरोबर गेलो. घरच्या सगळ्यांसमोर धाकट्या जावेला म्हणालो, "चूक माझी झाली. हिनं काही केलेलं नाही." धाकटी आत गेली आणि मुलीला घेऊन मोठ्या जावेजवळ आली.

तोवर मी समजत होतो, निर्दोष माणसाला सोडलं की आपलं काम संपलं. तसं नसतं. ज्या दारात आपण संशय नेऊन ठेवला, त्याच दारात जाऊन, सगळ्यांसमोर, तो परत घ्यावा लागतो.