आटपाडीचा पट्टीचा पोहणारा

मी पट्टीचा पोहणारा आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हे मत बऱ्याच लोकांचं होतं, आता माझं एकट्याचं आहे.

पोहायला मी शिकलो आटपाडीला, आमच्या मळ्यातल्या विहिरीत. शिकवलं ताराआत्यानं. आत्याला स्वतःला पोहता येत नाही (इथंच हसू नका, पुढं पुष्कळ जागा आहेत). आई लवकर गेली, त्यामुळं मला वाढवायचं काम आत्याकडं आलं आणि त्यातच हे पोहणंही आलं. ती बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधायची, दुसरं टोक हातात धरायची आणि म्हणायची, "मार उडी." मी मुटका मारला की ती कासरा धरून विहिरीच्या काठाकाठानं चालायला लागायची आणि खाली पाण्यात मी तिच्या संगं. विहीर गोल. आत्या गोल चालायची, मी गोल पोहायचो. पायरीपासून निघायचं आणि फेरा मारून पायरीलाच यायचं. पोहणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत झाली आणि त्यात काही चूक आहे असं कुणी सांगितलं नाही.

पुढं कराडला मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरीत नवी तार भरायचं, दुकान टाकलं. विहीर सुटली, पण विहिरीच्या गोष्टी काही सुटल्या नाहीत. जळकी मोटर घेऊन आलेल्या माणसाला माझं पोहणं ऐकल्याशिवाय मोटर परत मिळत नसे. माझा मित्र जालिंदर, लोणंदकडचा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, त्यानं हे इतक्या वेळा ऐकलं की शेवटी तो वैतागला.

"बाळू, मे महिन्यात आठवडाभर कोयनेच्या पाण्यावर जायचं," तो म्हणाला. "बामणोलीच्या पलीकडं एक चांगली जागा हाय. आपण दोघं, आपल्या बायका. एकदा तुझं पोहणं बघूनच घेतो."

"मलाबी बघायचंय," आमची सुनीता आतून म्हणाली. "लग्न झाल्यापास्नं नुसतं ऐकतीय."

"तुला येत न्हाई व्हय रं पोहायला?" मी जालिंदरला विचारलं.

"माझी सगळी नोकरी राजस्थानात गेली गड्या. वाळूत पोहायला शिकवत न्हाईत."

आत्या आता आमच्याकडंच असते. तिला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिलाही बरोबर घेतलं. जालिंदरची बायको मंगलवहिनी म्हणाल्या, "आत्यांना कटाळा यील." आत्या म्हणाली, "मी शेंगा घेती फोडायला," आणि खरोखरच एक पोतडी शेंगा आणि आपली पितळी घेऊन गाडीत बसली. (पितळी म्हणजे जेवायचं काठाचं जाड ताट. आत्या ती सोडून दुसऱ्या कशात जेवत नाही.)

उतरलो ते घर अगदी पाण्यावर. चारी बाजूंनी डोंगर, मधे निळंशार पाणी, उन्हाळ्यामुळं जरा खाली गेलेलं, काठाला तांबड्या मातीचे पट्टे पडलेले. आत्या काठावर जाऊन उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघून आली.

"हे समदं पाणीच हाय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् हितनं कुणी भरत न्हाई?"

मग तिनं तांब्या बुडवला, अर्ध्या तांब्यात तोंड, हात, पाय सगळं धुतलं आणि उरलेलं पाणी हळूच परत कोयनेत ओतलं. सुनीता हसली, तशी आत्या म्हणाली, "वाया कशाला घालवायचं?" मी मात्र हसलो नाही. उन्हाळ्यात विहीर आटली की टँकरच्या पाण्यावर जिनं आख्खं घर चालवलं, तिचा हात अशा समुद्राएवढ्या पाण्यासमोरही सुटत नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आठवडाभर ती असंच करत राहिली. आमच्या मुक्कामात कोयनेचं पाणी कमी झालं नसेल तर ते आत्यामुळं.

मी मात्र पाण्यात उतरत नव्हतो. सकाळी पाणी गार असायचं, दुपारी पोट भरलेलं असायचं, संध्याकाळी वारं असायचं. जालिंदर रोज टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा राहायचा.

"आज?"

"आज जरा अंगात कसर हाय."

"उद्या?"

"उद्याचं उद्या बघू की."

खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी बादलीपेक्षा मोठ्या पाण्यात उतरलो नव्हतो.

घराच्या मालकांची एक छोटी होडी काठाला असायची. त्या दिवशी मालक दुसऱ्या होडीनं बाजाराला गेले आणि जाताना म्हणाले, "हिला जरा नीट बांधा." जालिंदर फौजेतली गाठ दाखवायला पुढं आला. मी त्याला बाजूला सारलं. "आमी म्हशी बांधलेली माणसं," मी म्हणालो आणि झाडाच्या मुळीला म्हशीची गाठ मारली. म्हशीच्या गाठीचं असं असतं, की गडबडीत सोडायला बरी म्हणून एक टोक लोंबतं ठेवतात. ते ओढलं की गाठ सुटते. शिवाय कुणी चोरून नेईल म्हणून मी दोन्ही वल्ही काढून झाडाखाली ठेवली. माझी दूरदृष्टी बघून मीच खूष झालो.

जेवणं झाल्यावर आत्याला होडीतली सावली आवडली. झाडाची फांदी बरोबर वर आली होती आणि मागच्या डोंगरावरून वारं येत होतं. ती पितळी आणि शेंगा घेऊन होडीत जाऊन बसली. मालकांनी दिलेलं फुगीर जाकीट मी तिला दिलं. ते तिनं घडी घालून बुडाखाली घेतलं, म्हणाली, "फळकूट टोचतंय." आम्ही चौघं ओसरीवर रमी खेळत बसलो.

थोड्या वेळानं सुनीता म्हणाली, "आवं, आत्या बारीक दिसायला लागल्यात."

"प्रवासानं थकली असंल," मी पत्त्यातून डोकं न काढता म्हणालो.

"तसं न्हाई. लांब चालल्यात!"

मी बघितलं आणि हातातले पत्ते गळाले. होडी काठाला नव्हती. आत्यानं लोंबतं टोक बघितलं होतं, त्यावर फडकं वाळत घालावं म्हणून ते ओढलं होतं आणि म्हशीच्या गाठीनं आपलं काम चोख केलं होतं. वारं होडीला सरळ मधल्या पाण्याकडं नेत होतं. आत्या त्यात शांतपणे शेंगा फोडत बसली होती, पाठ आमच्याकडं. ना पोहायला येत, ना वल्हं जवळ, आणि जाकीट बुडाखाली. थट्टा बाजूला, मला आई म्हणून ही एकच बाई माहीत आहे.

"थांब आत्या, आलो!" म्हणून मी पळत सुटलो, शर्ट काढला आणि काठावरून असा मुटका मारला, की आटपाडीच्या विहिरीला अभिमान वाटला असता.

फक्त विहीर काठालाच खोल असते आणि कोयना तशी नसते. मी गुडघाभर पाण्यात, त्याखालच्या चिखलात, बसता झालो. मंगलवहिनींनी पदर तोंडाला लावला. मी उठलो, चिखल तुडवत आत गेलो, छातीएवढं पाणी लागलं आणि मग मात्र हात मारायला लागलो. हात विसरले नव्हते. पाणी कापत चाललो होतो. मनात म्हटलं, आता पोचलोच. मान वर काढून बघितलं, तर समोर जालिंदर!

क्षणभर वाटलं, पलीकडच्या काठालाही एक जालिंदर आहे.

"अरे सीधा जा, सीधा!" तो ओरडला. टेन्शन आलं की तो फौजी हिंदीत जातो.

"आवं, आत्या तिकडं हायत!" सुनीता हात दाखवत होती.

मी वळलो आणि जीव खाऊन निघालो. पुन्हा बघतो तर जालिंदर. यावेळी त्याच्या हातात मोबाईल होता. माझ्या हातापायांना गोल जायची इतकी सवय लागली होती, की भिंत नाही, पायरी नाही, तरी ते इमानेइतबारे फेरा पूर्ण करत होते. तिसऱ्या फेऱ्याला दम संपला, पोटरीत गोळा आला आणि पायाखाली चाचपलं तर तळ लागेना. तोंडात पाणी गेलं. आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सुनीता रडवेल्या आवाजात माझं नाव घेऊन हाक मारत होती, जे ती एरवी कधी घेत नाही.

माझ्या बोंबलण्यानं आत्यानं एकदाची मान वळवली. आधी लांब गेलेला काठ बघितला. मग पाण्यात माझं डोकं बघितलं, ते कुठनं कुठं फिरतंय ते बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"आरं बाळ्या," ती तिथनं ओरडली, "ही इहीर न्हवं!"

मग तिनं फोडलेले दाणे आधी पदरात बांधून घेतले (सांडले नाहीत, एकही), टरफलं पोतडीत भरली, पितळी रिकामी केली, होडीच्या टोकाला गुडघ्यावर बसली आणि पितळीनं पाणी मागं ओढायला लागली. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. आत्यानं आयुष्यात होडी चालवली नव्हती, होडीत बसलीच त्या आठवड्यात. पण होडी वाऱ्याच्या उलटी, हळूहळू, आणि मुख्य म्हणजे सरळ, माझ्याकडं यायला लागली. मी गटांगळ्या खातानासुद्धा बघत राहिलो.

होडी जवळ आली तसा तिनं मघाचाच दोर माझ्याकडं फेकला.

"धर. वर चढू नगंस, उलटी हुईल. कमरंला बांध."

"आत्या, मी धरतो की हातानं..."

"बांध म्हणती न्हवं?"

मी बांधला. आणि आत्या पितळी मारत पुढं, मी कमरेला दोर बांधून मागं, असे आम्ही काठाला लागलो. सुनीता धावत पाण्यात आली, तिनं आधी आत्याला मिठी मारली आणि मग माझ्याकडं बघून, "चिखल धुवा तेवढा," म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. जालिंदरनं मोबाईल खिशात ठेवला आणि आत्याला कडक सॅल्यूट ठोकला. आत्या म्हणाली, "पाणी मागं ढकललं की आपण म्होरं जातू. त्यात काय शिकायचं असतंय?" आणि पदरातले दाणे सगळ्यांना वाटले. मला मूठभर जास्त दिले.

तिच्या पुढं मी त्या दिवशी हात जोडले आणि आजही जोडतो. अशी बाई शोधून सापडायची नाही.

साताऱ्यात पोचून रेंज आली तसा जालिंदरचा व्हिडिओ आमच्या आधी कराडला गेला. तिथनं आटपाडीला गेला. आता मोटर घेऊन येणारी माणसं स्वतःच विषय काढतात, "मालक, पोहण्याचं सांगा की," आणि मी म्हणतो, तार संपलीय, उद्या या.

यंदाही मे महिन्यात जायचं ठरलंय. परवा आत्या मंडईतनं आली, तर पिशवीत नवाकोरा कासरा.

"आत्या, होडीला दोर असतोय त्यांच्याकडं," मी म्हणालो.

"होडीला न्हाई रं, तुला हाय त्यो," आत्या कासऱ्याची गुंडाळी उलगडत म्हणाली. "जरा हुबा ऱ्हा. पोट सुटलंय तुजं, पुरतोय का बघू दे."