आखाजीपर्यंत बरा व्हायला हवा होता तो पाय

होळीच्या दहा-बारा दिवस आधी मुलीचं लग्न झालं. आम्ही जळगावच्या पूर्वेकडचे. तिचं सासर पडलं धुळ्याच्या पलीकडे, शिंदखेड्याला. तिची जीप निघाली तसा तिचा कुत्रा मागे धावला. त्याच्या मागे आंदणाच्या भांड्यांचा टेम्पो होता. पुढच्या पायावरून चाक गेलं.

कुत्रा मला कधी आवडला नाही. ओट्यावर लोळायचा, तिच्या ताटातलं खायचा. पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक पहिल्यांदा माहेरी येणार होती आणि तिला लंगडा कुत्रा दाखवायची माझी तयारी नव्हती. मी चौथी शिकलेली. दोन ओळींचं पत्र टाकलं, इकडे सगळे बरे आहेत म्हणून.

पाय मीच बांधला. आम्ही केळीच्या बागेत मजुरीला जायचो. तिथे काहीही बांधायचं तर केळीच्या खोडाचं सोपट, म्हणजे वाळकी साल, ओलं करून घ्यायचं. मी हळद भरली, बांबूच्या दोन कामट्या लावल्या आणि ओल्या सोपटानं करकचून आवळलं.

शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "पोरीमागं हा तरी धावला. तू तर रडलीसुद्धा नाही."

"रडले असते तर टेम्पो थांबला असता का?"

सोपट वाळलं की आवळतं. म्हणून तर भारा सुटत नाही. हे मला लहानपणापासून माहीत, पण पाय बांधताना डोक्यात आलं नाही. ऊन तापायला लागलेलं. चौथ्या दिवशी पंजा वांग्याएवढा झाला. नवऱ्यानं त्याला पाटीत घालून सायकलच्या कॅरियरवर ठेवलं, मी पाटी धरून मागे चालले. गुरांच्या डॉक्टरनं सोपट कापलं.

"अक्का, हा पाय आहे की केळीचा घड? अजून दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता."

मग रोज फडकं सोडायचं, सैल बांधायचं, दुधात भाकरी कुस्करायची, उचलून बाहेर न्यायचं. एकदा चावला. मी एक ठेवून दिली. संध्याकाळी माझ्याच हातून जेवला. त्याच्या खाली मुलीचा जुना परकर अंथरला होता. तो मी महिनाभर धुतला नाही.

आखाजीच्या आठवड्यात तो चारही पाय टेकायला लागला. नवरा लेकीला आणायला गेला. मी निंबाला झोका बांधला, पुरण शिजवलं आणि कुत्र्याला घेऊन फाट्यावर गेले. दुपारच्या एसटीतून नवरा एकटाच उतरला.

"तिची सासू म्हणाली, आते ती आमनी शे, आता ती आमची. पुढच्या वर्षी बघू."

"आणि ती?"

"पाणी द्यायला आली होती. कुत्र्याचं विचारलं."

"काय सांगितलं?"

"धावतो म्हटलं."

नवरा घराकडे निघाला. कुत्र्यानं त्याची पिशवी हुंगली होती, पण तो त्याच्यामागे गेला नाही. गाडी गेली तिकडे बघत रस्त्याच्या कडेला बसला. मी हाक मारली, हलला नाही. माझ्या हातात दोरी होती, ओढून नेता आलं असतं.

पुढची गाडी उलट बाजूनं, बोदवडहून येणारी. तिच्यात शिंदखेड्याचं कोणी असणार नव्हतं. हे मला माहीत होतं, त्याला नाही. ती येईपर्यंत मीही त्याच्याशेजारी बसले.