काकूंच्या बोटाचं माप

अख्ख्या गल्लीचे मुके रेडिओ बोलते करणारे रेडिओकाका, आणि त्यांच्याच घरात दिव्याखाली अंधार!

काकूंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हलायचं ते फक्त उजव्या हाताचं एक बोट. बटण दाबायचीही ताकद नाही. काकांनी त्या बोटाखाली दोन पितळी पट्ट्या बसवल्या आणि घंटी खाली दुकानात. मध्ये करंट वाढवणारा एक ट्रान्झिस्टर. बोट टेकलं की त्यातून चिमूटभर करंट त्याच्या बेसला, म्हणजे आत शिरायच्या पायाला जाणार, आणि कलेक्टर या दुसऱ्या पायातून घंटीसाठी त्याच्या दोनशे पट वाहणार. बोटाचा एक दशांश मिलिअँपिअर, गुणिले दोनशे, झाले वीस. घंटीला दहा पुरतात. काकांनी स्वतःचं बोट टेकवलं. खाली घंटी खणखणली.

"बघ गं, आता हाक मारायची चिंता मिटली!"

तीन दिवस घंटी वाजलीच नाही. "आमची राणी मजेत आहे," काका गिऱ्हाइकांना सांगत सुटले. भरवायला वर गेले की ती टक लावून बघायची. या शहाण्याला वाटलं, मायेनं बघतेय.

चौथ्या दिवशी दुपारी वर गेले तर अंथरूण ओलं, ओठ सुकलेले, डोळ्यांना धार. आणि बोट पट्ट्यांवरच टेकलेलं.  काकांनी करंट मोजायचा मीटर लावला. तिचं बोट कोरडं, थंडगार. त्यातून जेमतेम दोन शतांश. गुणिले दोनशे, चार. चारात घंटी कशी वाजणार? अहो, गुणाकार चोख होता, पण माप घेतलं होतं स्वतःच्या घामट बोटाचं!

त्यांनी तिला पुसलं, पाणी पाजलं, चादर बदलली. मग आणखी एक ट्रान्झिस्टर जोडून पहिल्याचा करंट त्याच्या बेसला दिला, म्हणजे दोनशे पटीचे पुन्हा दोनशे पट. आता मुंगीनं हाक मारली असती तरी ऐकू आली असती.

"एकदा लाव ना बोट. पाया पडतो तुझ्या."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवस काका दर पंधरा मिनिटांनी जिना चढत होते. कामात लक्ष नाही, घास गिळवेना. तिनं आपल्याला कायमचं टाकलं, या विचारानं माणूस अर्धा झाला.

तिसऱ्या सकाळी ते तिच्या पलंगाशी मटकन बसले. "चुकलो गं मी. त्या तीन दिवसांत किती वेळा बोलावलंस मला?"

काकूंनी बोट टेकवलं. खाली घंटी वाजली. बोट उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा. पुन्हा.

काका मोजत होते. चाळीसच्या पुढे त्यांना मोजवेना, आणि खाली घंटी वाजतच होती.