बांधलेला कटर

कटर मशीनला दोरीनं बांधलेला असतो. धागे तोडायची बोटभर लांबीची कात्री ती. चुकून कपड्याच्या घडीत जाऊन परदेशात पोचू नये, म्हणून प्रत्येक मशीनवर ती हातभर दोरीला अडकवलेली असते. त्यामुळे त्यानं कटर याडीकडे नेला नाही. याडीलाच कटरकडे आणलं. केसांना धरून, फरशीवरून ओढत, दोन लाईनींच्या मधल्या वाटेनं, थेट माझ्या मशीनपर्यंत.

याडी म्हणजे माझी आई. आम्ही बंजारा, गोर. आमच्यात आईला याडी म्हणतात. आणि तो आमच्या फ्लोअरचा मॅनेजर. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी.

त्यानं याडीचं डोकं मशीनच्या टेबलावर दाबलं. एक गाल लोखंडी पट्टीवर, दुसरा वर. वरच्या बाजूला, कानशिलाजवळ, तिची टोपली. केसात गुंफलेला चांदीचा झुबका, दोन्ही कानशिलांवर एकेक. आमच्यात लग्न झालेली बाई ती घालते आणि नवरा जिवंत असेपर्यंत उतरवत नाही. कटर धाग्यासाठी असतो, केसांसाठी नाही. एका झटक्यात काम होत नाही. तो कचकच करत राहिला. मध्ये एकदा कातडी कापली गेली आणि रक्त पट्टीवरून खाली ओघळलं. मग टोपली केसांच्या बटेसकट माझ्या मांडीवर पडली.

याडी ओरडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तारो बा जीवतो छ."

तुझा बाप जिवंत आहे.

हे असं का झालं ते सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की पोरीनं उगाच हात उचलला.

आमचा तांडा केळापूर तालुक्यात. तांड्याच्या उशाला ई-क्लासची जमीन होती. सरकारी पड. तिथं आमची ढोरं चरायची, शेरडं चरायची. बा तिथंच गुरं राखून म्हातारा झाला. मग फलक लागला. कपडे परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी पार्क होणार. सरकारनं जागा दिली, डांबरी रस्ता दिला, पाण्याची लाईन आणली, विजेत सूट दिली. स्थानिक बाया कामाला घेतल्या की त्यांच्या पगारातलाही थोडा भार सरकार उचलतं, असं आमचा सुपरवायझर सांगायचा. म्हणजे कंपनीला आम्ही स्वस्तात पडत होतो. तरी बोलणं असं की जणू त्यांनी आम्हाला खड्ड्यातून वर काढलं.

मी खोटं बोलणार नाही. मलाही आनंद झाला होता. शिलाईचं सरकारी ट्रेनिंग घेतलं, जीन्सचे खिसे शिवायला बसले. डोक्यावर पंखा होता, पगार खात्यात यायचा. बाच्या आज्याला साध्या बाजाराला जायचं तरी पोलीस पाटलाकडे हजेरी लावावी लागत होती, जन्मानंच चोर म्हणून. त्याची पणती परदेशातल्या माणसांचे खिसे शिवते याचं मला हसूही यायचं.

याडीलाही घेतलं होतं, पण आत नाही. मागच्या चिंध्यांच्या शेडमध्ये. कारण टोपली. फ्लोअरवर धातू चालत नाही. मंगळसूत्र कापडात गुंडाळायचं, केसांच्या पिना गेटवर काढून ठेवायच्या. कामाला लागताना तिला सांगितलं होतं, हे काढ, आत बसवतो, सावलीत. ती म्हणाली, मी उन्हात बरी. दोन उन्हाळे टिनाखाली चिंध्या निवडल्या तिनं, पण टोपली काढली नाही.

मग साहेबांचा दौरा ठरला. मुंबईहून सरकारातले मोठे साहेब येणार, पार्कच्या दुसऱ्या टप्प्याचं भूमिपूजन करणार. सोबत माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस. मॅनेजर स्वतः चिंध्यांच्या शेडमध्ये आला. आजवर तिथं कधी पाय ठेवला नव्हता. म्हाताऱ्या बायांना म्हणाला, "उद्या तुमचा तो पारंपरिक ड्रेस घालून या. आरसेवाला. केसातलं ते चांदीचंही सगळं दिसलं पाहिजे."

याडीनं पेटीतली काचळी, आमची आरशांची चोळी, काढली, आरसे पुसले. गेटवर त्या सगळ्या म्हाताऱ्या बायांना नाचायला लावलं. साहेबांनी याडीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मग मॅनेजर म्हणाला, यांना आत न्या, लाईनीजवळ बसवा, साहेब येतील तेव्हा तिथंही फोटो चांगला येईल. ज्या दारातून तिला कधी सोडलं नव्हतं, त्या दारातून तिला टोपलीसकट आत आणलं. धातूचं काय, हे कोणी विचारलं नाही.

मी मशीनवरून तिच्याकडे बघत होते. माझी याडी पंख्याखाली बसली होती. तेवढ्यात जीन्सच्या जाड जोडावर सुई कटकन तुटली.

सुई तुटणं आमच्याकडे मोठी गोष्ट. सगळे तुकडे जोडून दाखवल्याशिवाय दुसरी सुई मिळत नाही. एखादा तुकडा कपड्यात राहिला आणि परदेशात कोणाच्या पोराला टोचला, तर अख्खा माल परत येतो. म्हणून तुकडा सापडेपर्यंत लाईन बंद. मी मशीनच्या दांडीत अडकलेलं खोड काढलं, मधला तुकडा उचलला. टोक काही मिळेना. डाव्या हाताच्या बोटाला चटका बसला होता. रोजच टोचतं, म्हणून मी त्यावर चिंधी गुंडाळली आणि खाली वाकून फरशी धुंडाळू लागले.

बाहेर मांडवात साहेबांचं भाषण चालू होतं. ते संपलं की सगळे आत येणार होते. लाईन बंद बघून मॅनेजर लाल झाला. फरशीवर चुंबक फिरवलं. बंडलं उपसली. मग धातू शोधायची हातातली मशीन आणली आणि आम्हा बायांच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. छातीवरून, कमरेवरून. ती याडीच्या डोक्याजवळ नेली आणि मशीन किंचाळली.

किंचाळणारच. चांदी आहे, माणसा. तूच ती आत आणवलीस.

"इथंच आहे," तो म्हणाला. "तांड्यावाल्या बाया. चोरी यांच्या रक्तातच. काढ ते."

याडी म्हणाली, "नाई निंघत हे."

माझ्या शेजारच्या मशीनवर सुजाता बसते. बौद्धपुऱ्यातली, माझी एकुलती एक मैत्रीण. ती उठून म्हणाली, "सर, तिच्या डोस्क्यात कायले जाईन सुई? ती तं पार तिकडं बसून हाय!" त्यानं तिला ढकललं. मी मध्ये गेले तर माझ्या थोबाडीत मारली. कानात आवाज घुमला, ओठ दातावर फुटला. वॉचमननं मला मशीनवर दाबून बसवलं. आणि मग मॅनेजरनं याडीच्या केसांना हात घातला.

पुढचं मी सांगितलंय.

टोपली मांडीवर पडली तेव्हा वॉचमनचा हात ढिला झाला. तोही घाबरला असावा. मॅनेजर केसांची बट चिवडून सुई शोधत होता. माझ्या याडीच्या केसात, माझ्याच मांडीवर, त्याची बोटं. मी ते मनगट पकडलं. दोन्ही हातांनी पिरगाळलं आणि त्याची बोटं मशीनच्या पट्टीवर नेली, कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायाखाली. गुडघ्यानं वर धरलेला तो लोखंडी पाय सोडला. तो त्याच्या बोटांवर आपटला. मॅनेजर ओरडला. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता आणि त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

मी पॅडल दाबलं. पूर्ण दाबलं.

सुई नव्हती. दांडी रिकामीच त्याच्या बोटांवर खालीवर नाचत राहिली. तो मात्र सुई असल्यासारखा आरडत होता, आई आई करत होता. मी पाय उचलला नाही. कोणीतरी बटण बंद करेपर्यंत उचलला नाही. मला विचारतात, सुई असती तर? असती तरी दाबलं असतं. मला त्याची शरम नाही.

तो बोटं सोडवून मागे पडला. मी टोपली मुठीत घट्ट धरली आणि डाव्या हातातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. चिंधी सोडली. नखाच्या बाजूला मांसात काळा ठिपका. सुईचं टोक.

सुजातानं पाहिलं. मॅनेजरनंही पाहिलं. क्षणात त्याचा आवाज बदलला.

"ताई," तो म्हणाला. आजवर मी त्याच्यासाठी 'ए' होते. "ताई, सापडलं ना. चिमटा आणतो, एका मिनिटात निघेल. लाईन चालू करू. साहेब येतायत."

तेव्हा मला कळलं. डोक्यात एकदम लख्ख झालं. हे टोक याच्या हाती लागलं नाही तर एक खिसा शिवला जाणार नाही, एक खोकं इथून हलणार नाही. सगळा पार्क, सगळी सूट, सगळं भाषण माझ्या बोटाशी अडकलं होतं. मी मूठ मिटली.

"हात लावून पाह्य," मी म्हणाले.

त्यानं लावला नाही.

मी याडीला उठवलं. तिच्या गालावर रक्त, काचळीच्या आरशांवर रक्त. सुजाता आमच्यासोबत निघाली. मागून एकेक बाई उठली. आम्ही मांडवात गेलो. साहेब माइकवर होते, बंजारा भगिनींच्या हाताला काम, असं काहीतरी चाललं होतं. याडी सरळ स्टेजसमोर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळापूर्वी ज्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला होता, तो आता लाल होता. साहेबांनी माइक बाजूला केला, वाकले, हळूच विचारलं, "काय झालं आजी?"

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. परदेशी माणूस शेजारच्याला विचारत होता, काय म्हणतेय ती.

साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, एवढंच ना? नवीन करून देऊ. चांगली भारीतली, शुद्ध चांदीची करून देऊ."

याडी माझ्यासारखी ओरडत नाही. ती म्हणाली, "साहेब, हे माणूस मेल्यावर निंघते. आमच्या घरी कोन मेलं, ते सांगा."

साहेब सरळ झाले. कोणीतरी स्पीकरवर गाणं लावलं. आवाज मोठा केला, एवढंच त्यांना सुचलं.

घरी बा खाटेवर बसला होता. याडी समोर उभी राहिली आणि त्यानं तिच्या डोक्याकडे पाहिलं.  त्यानं स्वतःच्या छातीला हात लावून बघितला. जिवंत आहे का ते बघितल्यासारखा. मॅनेजरच्या बोटांवर मशीन चालवताना मला जेवढा राग आला होता, त्याहून जास्त तेव्हा आला. हा राग अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

टोक सरकारी दवाखान्यात निघालं. डॉक्टरीणबाईंनी ते बाटलीत घालून माझ्या हातात दिलं. दाराबाहेर कंपनीचा माणूस उभा होता. परदेशी कंपनीनं माल अडवला होता. टोक दाखवा, मगच उचलू म्हणत होती. तो म्हणाला, टोक द्या, तक्रार मागे घ्या, तुमच्यावरची केस आम्ही मागे घेतो. हो, माझ्यावर केस आहे. मॅनेजरच्या बोटांना सूज आली म्हणून. आणि नोकरी गेली, सुजाताचीही. याडीच्या जखमेला टाके पडले, पण तिची तक्रार लिहून घ्यायला आम्हाला ठाण्यात संध्याकाळपर्यंत बसवलं.

मी त्याला म्हटलं, टोक न्यायला मॅनेजरला पाठवा. तांड्यावर. त्यानं माझ्या बाच्या खाटेसमोर उभं राहावं आणि तांड्यादेखत त्याला विचारावं, तू कधी मेलास. बा जे उत्तर देईल ते ऐकून जावं.

तो आलेला नाही.

याडी तशीच फिरते. एका कानशिलावर टोपली, दुसरीकडे टाक्यांची रेघ आणि उभे राहिलेले खुंट. पदर घेऊन झाकत नाही. बाजारात बाया विचारतात तेव्हा ती पार्ककडे बोट दाखवते.

परवा ग्रामसेवक आला. दुसरा टप्पा होणारच आहे. उरलेली पड, बाची ढोरं जिथं बसतात ती, तीही जाणार आहे. साहेब पुन्हा येणार, तांड्यावरच्या बायांनी स्वागताला यावं, पारंपरिक वेशात. ज्यांनी लाजून टोपल्या पेटीत टाकल्या होत्या, त्या बायांनी त्या बाहेर काढल्यात. माझ्या वयाच्या, लग्न झालेल्या पोरींनीही. परवापासून दर दारात चांदी घासली जातेय.

आम्ही येणार आहोत. सगळ्या, टोपली घालून. त्या गेटमधून एकही गाडी आत जाणार नाही आणि पडीवर कुदळ पडणार नाही. आमच्या केसांना हात लावायची ज्याला हौस आहे, त्यानं पुढं यावं. या वेळी कुणाला ओढत न्यावं लागणार नाही. कटर मशीनला बांधलेला नसेल. माझ्या हातात असेल.