अण्णांच्या गच्चीवरचे पेशंट

मातीची भूक मरते, मातीला सोबत लागते आणि औषधपाणी केलं तर ती उठून बसते, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच असेल, आणि नेमकी त्याच्याच गच्चीवर मला नोकरी मिळाली. बनशंकरीतले हे अण्णा पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. बळ्ळारीकडच्या एका बंद पडलेल्या खाणीवरची लाल माती ते ट्रे भरभरून आणतात आणि तिच्यात पुन्हा काही उगवावं म्हणून धडपडतात. ट्रेला ते पेशंट म्हणतात. रोज सकाळी शेणखत नि पालापाचोळा भरवताना प्रत्येकाची चौकशी करतात. लग्नाला गेले तरी जेवणाआधी मांडवामागची माती बघून येणार. एकदा त्यांनी रुमालात बांधलेली माती आहेर समजून नवरीच्या आईनं कपाटात जपून ठेवली होती. ते सत्तरीचे, मी तिशीची, तरी मला अक्का म्हणतात. मी चंद्रपूरकडची, नववीत शाळा सुटलेली. त्यांच्या इंग्रजी वह्यांवरची धूळ पुसतानाही वाटायचं, आज यांना कळणार की हिला काही येत नाही, आणि आज आपण घरी जाणार.

तो दिवस आलाच. अण्णा चार दिवस खाणीवर गेले होते आणि एका ट्रेमध्ये गवत माजलं होतं. माझे हात निंदणात वाढलेले. सगळं उपटून ट्रे लख्ख केला. परत आल्यावर अण्णा त्या ट्रेपाशी उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, त्या मातीत न पेरता, आपणहून उगवलेलं ते पहिलंच गवत होतं. सात महिने वाट बघितल्यावर ते आलं होतं, आणि अण्णा त्याला हात न लावता जपत होते. मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली.

"स्वल्प थांब, अक्का. उपटलेलं कुठंय?"

कोपऱ्यातल्या ढिगातून मी जुडी काढून दिली. अण्णांनी ती झटकली, पुन्हा झटकली. एरवी चिमटीतून पिठासारखी गळणारी ती माती मुळांना बिलगून बसली होती, सुटेना. अण्णा तिथंच जमिनीवर बसले.

"धरलीय गं मुळांनी. हेच बघायचं होतं मला, पण उपटायचा धीर होईना."

माझा जीव भांड्यात पडला, आणि मी इतकी रडले की त्यांनी स्वतः कॉफी करून दिली. फार वाईट कॉफी होती. मी सगळी प्यायले.

गेल्या महिन्यात त्यांनी मला खाण दाखवली. एवढा मोठा उघडा लाल डोंगर, आणि पायथ्याशी अण्णांनी नेऊन लावलेलं आमचं गवत, दोन चटया अंथराव्यात एवढंच. अण्णा गुडघा धरून वाकले, त्यावरून हात फिरवला.

"माझ्याच्यानं एवढंच होईल. पुढचं तू बघ."

मी त्यांच्याच कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. परतताना बसमध्ये ते झोपून गेले, आणि त्यांच्या नखांतली लाल माती मी कितीतरी वेळ बघत राहिले.