पट्टी सोडून दाखवा!

दवाखान्यात जखमा भरतात, किस्से मात्र साचत जातात. नव्वदच्या दशकात सेनगावकडच्या एका आरोग्य केंद्रात मी सिस्टर होते. तिथल्या ड्रेसिंग रूमचेच इतके आहेत, की कुठून सुरू करू!

आमचे कांबळे डॉक्टर नवे होते, शिकवायची भारी हौस. जखम झाली की कातडीतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात: रक्त थांबवा, घाण काढा, नवी कातडी विणा. प्रत्येक पेशंटला हे ऐकावंच लागे. विळा लागलेला एकजण कळवळून म्हणाला, "सायब, निरोप जातील बराबर. तवर टाका तं घाला!"

*

दुसरा आला तो जखमेवर तंबाखू, चुना, राख आणि वर टूथपेस्ट लावून!

"अहो, एवढं सगळं कशाला?"

"चौघांनी चार सांगितले, सायब. कुणाचं मन मोडू?"

*

पण खरी तकलीफ पाहुण्यांची. भेटायला आलेला माणूस जखम बघितल्याशिवाय चहाला हात लावत नसे. "पट्टी सोडून दाखवा!" डॉक्टर कानीकपाळी ओरडत, "रोज उघडली की नवी कातडी उचकटते, निरोपांची साखळी तुटते!" शेवटी एका आजीच्या पट्टीवर त्यांनी पेनानं सहीच ठोकली.

दोन दिवसांनी आजी परत आल्या. डॉक्टरांच्या सहीखाली सात पाहुण्यांच्या सह्या आणि एक अंगठा!

*

धोंडूमामांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शुगर, त्यात उजव्या तळपायाची जखम दोन महिने भरेना. "पंधरा दिवसांत सुधारली नाही, तर पाय कापावा लागेल," डॉक्टरांनी बजावलं. मला तर धसकाच बसला, कारण मामांकडे पाहुण्यांची रीघ.

"पाव्हण्यायला न्हाई कसं म्हणावं?" शांतामामी रडवेल्या झाल्या.

पण त्यानंतर मामी त्यांना जीपमधून ड्रेसिंगला आणत, तेव्हा पट्टी आम्ही बांधलेली तशीच असे. जखम कडेनं बुजत आली. "आता कापायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझेच डोळे भरून आले.

पुढं लसीकरणाला त्यांच्या गावी गेलो, तेव्हा डॉक्टर कौतुकानं मामांच्या घरी शिरले. मामा वाकळ पांघरून बसलेले. "दाखवा पाय!"

मामींनी वाकळीतून पट्टी बांधलेला पाय काढला, पट्टी सोडली. आत ठणठणीत डावा पाय!

"मामी, जखम तर उजव्याला आहे!"

"व्हय," मामी पट्टी परत गुंडाळत म्हणाल्या, "दवाखान्यात तुमी डॉक्टर. घरी आले म्हंजी पाव्हणे. पाव्हण्यायला आमी ह्योच दाखवतो!"